आधी जबाब वाचायला शिक

पत्र: «मी बार्शीजवळच्या एका गावात राहते. बारावी आर्ट्सला 74 टक्के मिळाले. मला क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकायची आहे. माणूस गुन्हा का करतो, हे मला समजून घ्यायचंय. बाबा म्हणतात, यात नोकरी कुठे आहे? मामा म्हणतो, आर्ट्सवाल्यांना फॉरेन्सिकला घेतच नाहीत. मध्येच एका खासगी संस्थेचा फोन आला. एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा केला की ‘क्रिमिनल प्रोफाइलर’ होता येतं, नोकरीची हमी, फी 75 हजार, हप्त्याने भरा. पहिला हप्ता रविवारपर्यंत भरायचाय. काय करू?»

पहिला हप्ता भरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

आपल्याकडे पोलीस दलात ‘क्रिमिनल प्रोफाइलर’ नावाचं पदच नाही. त्याची भरती निघत नाही, परीक्षा होत नाही. ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ म्हणून नोंदणी करणारी वेगळी परिषदही भारतात नाही. जे पद नाही त्याची हमी कोण कशाच्या जोरावर देणार? शिवाय मानसशास्त्र हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून विद्यापीठांनाच बंदी केली आहे. तुला फोन करणारी संस्था तर विद्यापीठही नाही. तिचं प्रमाणपत्र घरात लावायला चांगलं, पण कुठल्या जाहिरातीतल्या पात्रतेच्या रकान्यात ते बसणार नाही.

आता मामा. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, कारण ‘फॉरेन्सिक’ या एका शब्दामागे चार वेगवेगळे धंदे आहेत. न्यायवैद्यकशास्त्र, म्हणजे शवविच्छेदन वगैरे, हे एमबीबीएसनंतरचं. न्यायसहायक विज्ञान म्हणजे रक्त, डीएनए, विष, हस्ताक्षर, मोबाइल, त्याच्या बी.एस्सी.ला बारावी सायन्स लागतं आणि तिथे तुला खरंच घेणार नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था याच शाखेच्या. तिसरं न्यायसहायक मानसशास्त्र आणि चौथं गुन्हेशास्त्र. या दोन्हीकडे बी.ए. करून जाता येतं. तुला हवं असलेलं नेमकं या दोहोंत आहे, त्यामुळे बारावीला सायन्स घेतलं नाही म्हणून हळहळू नकोस.

या दोहोंतही फरक आहे. एखाद्या तालुक्यात दुचाकीचोऱ्या का वाढल्या, तुरुंगातून सुटलेला माणूस परत का येतो, शिक्षा कडक केली की गुन्हे कमी होतात का, असे प्रश्न गुन्हेशास्त्राचे. त्यात समाजशास्त्र, कायदा आणि आकडे जास्त. समोर बसलेला हा एक माणूस खटला समजून घेण्याच्या मनःस्थितीत आहे का, याची आठवण किती भरवशाची, हा आजारी आहे की आजाराचं सोंग करतोय, हे प्रश्न मानसशास्त्राचे. «माणूस गुन्हा का करतो» असं तू लिहिलंस, तो प्रश्न दोन्हीकडे आहे. पण पोट कशावर भरणार, हे दोन्हीकडे फार वेगळं आहे.

तर पहिली पायरी: मानसशास्त्र घेऊन बी.ए. पदवीच्या नावात ‘फॉरेन्सिक’ नसलं तरी काही बिघडत नाही. उलट सतराव्या-अठराव्या वर्षी इतक्या अरुंद विषयाची पदवी घेतली तर पुढचे बरेच दरवाजे बंद होतात. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, तीन गोष्टी विचार. सायकॉलॉजी शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून, म्हणजे आपल्या बोलीत ‘स्पेशल’ला, आहे का? बऱ्याच छोट्या कॉलेजांत ती पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरतीच असते आणि मग मुलं नाइलाजाने दुसऱ्या विषयाकडे वळतात. प्रॅक्टिकलची प्रयोगशाळा खरोखर चालू आहे का, की जर्नल मागच्या वर्षीच्या मुलींकडून उतरवून घेतात? आणि पूर्णवेळ शिक्षक किती?

जर्नल उतरवणं हा फार महागात पडणारा आळस आहे. स्मरणाचा किंवा प्रतिक्रियाकाळाचा प्रयोग स्वतः दहा जणांवर घेतलास की कळतं, तीच सूचना दोन वेगळ्या सुरांत दिली तर निकाल बदलतो. पुढे न्यायालयात उलटतपासणीत वकील हेच विचारतो: चाचणी कुणी घेतली, कुठल्या भाषेत, किती वेळ, मध्ये कोण आलं होतं? दुसरा आळस संख्याशास्त्राचा. आर्ट्सची मुलं त्याला घाबरतात, आणि एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत नेमकी तिथेच मागे पडतात. प्रमाणित विचलन, सहसंबंध, टी-चाचणी एवढं हाताने सोडवता येईपर्यंत सोडू नकोस.

दुसरी पायरी पदव्युत्तर. इथे रस्ते फुटतात.

गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एनएफएसयू, हे 2020 च्या कायद्याने केंद्राचं झालेलं विद्यापीठ. तिथे फॉरेन्सिक सायकॉलॉजीची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. याच विद्यापीठाचं दिल्लीतलं केंद्र गुन्हेशास्त्रासाठी जुनं आणि ओळखीचं. त्याचा एक परिसर गोव्यातही आहे, पण प्रत्येक परिसरात प्रत्येक अभ्यासक्रम नसतो. अर्ज भरताना विषयाबरोबर गावाचं नावही तपास. गुन्हेशास्त्राचा विभाग सर्वांत आधी, 1959 मध्ये, मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. आपल्या जवळचं म्हणजे मुंबईतलं टिस, टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथे एम.ए. सोशल वर्कमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस शिकवतात आणि प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. तुला खुर्चीत बसून सिद्धान्त वाचण्यापेक्षा माणसांत काम करायचं असेल, तर आमचा कल याच्याकडे आहे. कारण तिथलं फील्डवर्क. टिसचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांत काम करतो. ज्याला जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलाय, अशा माणसाशी बोलल्यावर गुन्हेगारीचं चित्र बदलतं. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेलेच नव्हते.

तिसरा रस्ता सर्वांत लांबचा, पण न्यायालयात सर्वांत जास्त वजनाचा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणं. त्यासाठी नुसतं एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम करून तिच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. इतकी वर्षं तो दोन वर्षांचा एम.फिल. होता. 2022 च्या नियमांनी यूजीसीने एम.फिल.च बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र 2025-26 च्या सत्रापर्यंत मुभा दिली. तू तिथे पोचशील तोवर अभ्यासक्रमाचं नाव बदललेलं असणार. म्हणून नावामागे लागू नकोस. त्या वर्षी आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे तिन्ही जुळतंय का ते बघ. ‘मान्यतेचा प्रस्ताव पाठवला आहे’ हे वाक्य ऐकलंस की उठून ये. मान्यता येईपर्यंत पास झालेल्या तुकडीला नोंदणी मिळत नाही, आणि दोन वर्षं व फी दोन्ही जातात.

चौथा रस्ताही सांगून ठेवतो: बी.ए.नंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. मानसशास्त्र जाणणारे वकील आपल्याकडे फार थोडे आहेत.

परदेशाचं कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेव: ब्रिटनमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ हे कायद्याने राखीव पदनाम आहे. एक वर्षाची एम.एस्सी. झाल्यावरही पुढचा देखरेखीखालचा टप्पा आणि एचसीपीसी या तिथल्या नोंदणी परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते नावापुढे लावता येत नाही. एजंट एम.एस्सी.पर्यंतचंच सांगतो.

आता प्रत्यक्ष काम. ओटीटीवर दाखवतात तसं घटनास्थळी जाऊन डोळे मिटणं यात नाही. काम म्हणजे बोलणं, ऐकणं, कागद वाचणं आणि अहवाल लिहिणं. एक उदाहरण घे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारख्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 15 प्रमाणे बाल न्याय मंडळाला प्राथमिक मूल्यमापन करावं लागतं. गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती, परिणाम कळण्याची कुवत होती का, परिस्थिती काय होती. यावरून तो खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरतं. मुदत तीन महिने. कायद्यात मानसशास्त्रज्ञाची मदत ‘घेता येईल’ असं आहे. पण मंडळावर बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल तर ती घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं.

निरीक्षणगृहातल्या त्या खोलीत काय होतं बघ. मुलगा मान खाली घालून बसलेला. दोन तासांच्या दोन-तीन बैठका, शाळेचे दाखले, घरभेटीचा अहवाल, बुद्धिमापन. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, बुद्ध्यांक 100 आला म्हणून «परिणाम समजत होते» असं लिहून मोकळं होणं. वर्गात बसून शब्दांचे अर्थ सांगता येणं वेगळं आणि रात्री चार मित्र उचकवत असताना थांबता येणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात नुसत्या बुद्धिमापनावर बोट ठेवलं. दुसरी चूक, मुलाने गुन्हा केलाय असं गृहीत धरून कबुलीजबाब काढत बसणं. दोष ठरवणं हे त्या मूल्यमापनाचं कामच नाही.

भाषेचे घोटाळे निराळेच. बहुतेक चाचण्या इंग्रजीतून आलेल्या. भास तपासण्यासाठी «आवाज ऐकू येतात का?» असं सरळ भाषांतर करून विचारलं, तर खेड्यातला माणूस म्हणतो, «येतो की, पिठाच्या गिरणीचा.» «आसपास कुणी नसताना तुमच्याशी कुणी बोलल्यासारखं वाटतं का? काय बोलतं?» असं विचारावं लागतं. आणि अंगात येणं, देवीचा कौल यांना आजार म्हणायचं का, हे त्या माणसाच्या घरातली आणि गावातली रीत विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. इथे तुझी बार्शीकडची बोली हे भांडवल आहे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे पैसे देऊन मिळत नाही.

साक्षीदाराच्या आठवणीचा भाग सर्वांत रंजक आहे. 1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 45 विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ असं विचारलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी 31.8 मैल आलं. ‘जोरात आदळल्या’ म्हटलं तेव्हा 40.5. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? ‘आदळल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांना काच आठवली. साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांना. फितीत काच नव्हतीच. आता पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, प्रकरणातली सात वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आण, आणि «काकांनी कुठे हात लावला?» आणि «मग काय झालं?» या दोन प्रश्नांत किती अंतर आहे ते बघ. पहिल्यात काका आणि हात दोन्ही विचारणाऱ्यानेच घातले आहेत.

नार्को (औषध देऊन बोलतं करणं), पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी) यांच्या मोहात बरेच जण या विषयाकडे येतात, म्हणून स्पष्ट सांगतो. पॉलिग्राफ खोटं मोजत नाही. श्वास, घाम, नाडी आणि रक्तदाब मोजतो. खरं बोलणारा भेदरलेला माणूस आणि खोटं बोलणारा भेदरलेला माणूस कागदावर सारखेच दिसू शकतात. पुण्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचं म्हटलं. 5 मे 2010 ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय या तिन्ही चाचण्या घेण्यावर बंदी घातली. संमतीने घेतली तरी तिचा निकाल हा पुरावा होत नाही. तिच्यातल्या माहितीवरून पुढे प्रत्यक्ष एखादी वस्तू सापडली तर ती पुढे आणता येते.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्याला गोडगोड उत्तर देऊ नकोस. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांनी 2024 मध्ये 125 पदांची जाहिरात काढली. त्यात मानसशास्त्राच्या वैज्ञानिक सहायकाची पदं होती 2. तेवढ्या दोन जागांवर डोळा ठेवून सहा-सात वर्षं घालवायची नसतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होतंय, त्यामुळे भरती वाढेल हे खरं, पण ती मुख्यतः सायन्सवाल्यांची. खासगी संस्था नेमकी ही बातमी दाखवून तुला डिप्लोमा विकतील.

तुझ्यासारख्यांना काम मिळतं ते दुसरीकडे: पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, म्हणजे महिला-मुलांसाठीच्या मदत कक्षात, समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृह, परिविक्षा अधिकारी, कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, तुरुंगात काम करणाऱ्या संस्था. यातली बरीच कामं कंत्राटी, पगार बेताचा, आणि करार संपला की पुन्हा मुलाखत. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेत मानसशास्त्राबरोबर गुन्हेशास्त्र हाही स्वतंत्र विषय आहे, पण महाराष्ट्रात गुन्हेशास्त्राचे विभाग मोजके, त्यामुळे शिकवायचं असेल तर मानसशास्त्राची नेट जास्त उपयोगाची. आणि एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक व्हायला कोणतीही पदवी चालते. बाबांपुढे हिशोब असा मांड: मानसशास्त्रातलं बी.ए.-एम.ए. झालं की गुन्हेगारीचं क्षेत्र सोडूनही शाळा, रुग्णालय, कंपनी, स्पर्धा परीक्षा हे सगळं हातात राहतं. ते त्यांना पटेल.

पदवीची तीन-चार वर्षं फुकट जाऊ नयेत म्हणून आत्तापासून करायच्या काही गोष्टी, सगळ्या बिनपैशाच्या. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकतात. आठवड्याला दोन वाच. «समक्ष हजर राहून फिर्यादी जबाब देतो की» पासून «माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे» पर्यंत. भांडणात डोकं फुटलेला शेतकरी ‘सदर इसमाने संगनमताने’ असं बोलत नाही. ते शब्द लिहून घेणाऱ्याचे. फिर्यादीचं स्वतःचं बोलणं कुठे संपलं आणि ठाण्याची भाषा कुठे सुरू झाली, हे पेन्सिलीने खुणा करून वेगळं काढायचा सराव कर. साक्षीचं मूल्यमापन म्हणतात ते इथूनच सुरू होतं. बार्शीलाच न्यायालय आहे. खुल्या सुनावणीला कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. पोक्सोची सुनावणी बंद दाराआड असते, तिथे नाही. महिन्यातून एक दिवस जा, फोन बंद ठेव, आणि उलटतपासणीत साक्षीदार नेमका कुठल्या प्रश्नाला अडखळला तेवढंच वहीत लिही.

देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीचा वार्षिक अहवालही उघडून बघ. समज, एका शहराची लोकसंख्या 30 लाख आणि गुन्हे 4,200. दुसऱ्या गावाची 2 लाख आणि गुन्हे 300. मथळा शहराचा होईल, पण दर लाखी काढलास तर शहर 140 आणि गाव 150. शिवाय एका एफआयआरमध्ये खून आणि दरोडा दोन्ही असले तर तिथे मोजतात फक्त खून, सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा एक. आणि एखाद्या जिल्ह्यात छळाच्या तक्रारी अचानक वाढल्या, तर छळ वाढला की ठाण्यात तक्रार घ्यायला लागले, हे आकडा स्वतःहून सांगत नाही.

रविवारी त्या संस्थेचा फोन येईलच. चिडू नकोस, तीन प्रश्न विचार आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी माग: प्रमाणपत्र कुठलं विद्यापीठ देतं, आरसीआयची मान्यता आहे का, आणि मागच्या तुकडीतल्या कुणाला कुठल्या पदावर नेमणूक मिळाली, त्या पदाची जाहिरात दाखवा. लेखी काही येणार नाही. तोवर बी.ए.चा प्रवेश अर्ज भरून ठेव. अर्जात मुख्य विषयाच्या रकान्यात मानसशास्त्रच आहे ना, ते सबमिट दाबण्याआधी एकदा बघ.